नावेतली काळी वायर

सिंभोरा, ता. मोर्शी
२० ऑक्टोबर २०२४

ती. शालिकराममामांस पौर्णिमाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुम्हाला ऐकू येईनासं झालं तेव्हापासून पत्र लिहायचं काम माझ्याच अंगावर आलं आहे. आई म्हणते, भावाला फोन करणं म्हणजे भिंतीशी बोलणं. रागावू नका, ती तुमची आठवण काढूनच असं बोलते.

बाबांना लकवा मारला त्याला वर्ष होत आलं. चालतात, जेवतात, पण उजवा हात वल्ह्यावर टिकत नाही. नाव लिंबाखाली उपडी पडली आहे, तिच्यावर कोंबड्या बसतात, आणि बाबा दिवसभर तिच्याकडे पाठ करून बसतात. मच्छीमार सोसायटीतले लोक म्हणाले, आमच्या नावेत चला. तर बाबा म्हणाले, मी काय पाव्हणा हाओ का. तेव्हापासून ते धरणाकडे फिरकलेच नाहीत. पोरांनी मासे आणून दिले तर खातही नाहीत. मामा, मला त्यांचं हे गप्प बसणं पाहवत नाही.

म्हणून मी एक उद्योग केला आहे. नांदगाव पेठच्या कंपनीत माझ्या शेजारच्या मशीनवर आकांक्षा असते. तिच्या भावाकडून नागपूरहून नावेमागे लावायची बॅटरीवरची मोटर आणली. डाव्या हाताने दांडा धरला की झालं. पण बॅटरी कोणती घ्यायची, वायर कशी टाकायची, मला ओ का ठो कळत नाही. तुमचा जन्म ऑटोच्या वायरिंगमध्ये गेला. तुम्ही लिहा, मी दर सुट्टीला घरी येते, तेव्हा तसंच जोडते. बाबांना अजून सांगितलेलं नाही, नाहीतर मोटरच धरणात जाईल.

मामींना नमस्कार. भाचीवर माया आहे ती वाढतच राहावी.
आपली,
पौर्णिमा


अकोला
२९ ऑक्टोबर २०२४

चि. पौर्णिमास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुयं पत्र वाचलं. बाईले सांग, भिंत असली तरी ही भिंत वाचते.

दोन बॅटऱ्या पाठवून राहिलो, ई-रिक्षाच्या हायेत, मीच तपासल्या. चंदनच्या जीपनं अमरावतीले येतीन, तिथून तू घे. चंदन भला माणूस हाय, फक्त त्याच्याशी निवडणुकीचं बोलू नको, गाडी थांबवून बोलत बसते.

आता नीट वाच. बॅटऱ्या नावेच्या मधात, तळाले ठेवजो, एका बाजूले नाही. फळ्यायची पेटी कर, पट्ट्यानं बांध, हालल्या नाही पायजे. प्लसले प्लस, मायनसले मायनस जोड. फ्यूज बॅटरीच्या जवळच टाक. टोकायले ग्रीस लाव. लाल वायर स्विचमधून मोटरले ने. निगेटिव्हची वायर लांब न्यायची गरज नाही. नाव पत्र्याची हाय ना? मंग बॅटरीची निगेटिव्ह बोल्टानं बॉडीले दे, मोटरची बी बॉडीले दे. ऑटोत आमी हेच करतो. काम साफ दिसते आन् वायरीचा गुंता होत नाही.

भाऊजी चिडतीन. चिडू दे. मायं नाव सांग. मायावर चिडले तर मले ऐकूच येत नाही.

मामाले इसरू नको.
शालिकराम


सिंभोरा
१६ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

किती दिवसांनी लिहिते आहे, पण घरात बसायला बाबांनी सवड दिली तर ना! मामा, बाबा रोज पाण्यात जातात. तुम्ही सांगितलं तसं सगळं जोडलं, तेव्हा ते तोंड फिरवून बसले होते. मग मी मुद्दाम लाल वायर उलटी धरली. तर उठून आले आणि म्हणाले, तुह्या मामानं असं लिहिलं काय, दाखव पत्र. त्यांनी तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि पेटीचा पट्टा स्वतः दातांनी ओढून घट्ट केला.

आता सकाळी एकटे जातात, जाळं डाव्या हाताने ओढतात. आवाज नसल्यामुळे मासा बिचकत नाही म्हणतात. परवा मोठा कटला आणला आणि आईला म्हणाले, हा शालिकरामच्या नावाचा. तो आम्हीच खाल्ला, हे मी प्रामाणिकपणे कळवते. आई आता बाबांवर पूर्वीसारखी ओरडते, म्हणजे घर जागेवर आलं. हे सगळं तुमच्यामुळे झालं, मामा. तुमचे उपकार कसे फेडू, मला कळत नाही.

एक बारीकशी गोष्ट. निगेटिव्हचा बोल्ट जिथे आहे तिथे पत्र्याला तांबडे फोड आले आहेत. खिळ्याने टोचलं तर आत जातो. थोडं पाणी येतं, बाबांनी डांबर लावलं आहे. पत्रा जुना आहे, म्हणूनच असेल. काळजीचं काही नाही.

सर्वांना नमस्कार. असाच पाठीवर हात असू द्या.
आपली,
पौर्णिमा


अकोला
२१ फेब्रुवारी २०२५

पौर्णिमा,

हे वाचता वाचता उठ आन् नाव पाण्याबाहेर काढ. मंग पुढचं वाच.

पत्रा जुना झाला म्हून नाही गेला. मायामुळं गेला. ऑटो रस्त्यावर चालते, तिले बॉडीतून निगेटिव्ह चालते. नाव पाण्यात रायते. बॉडीतून करंट फिरला की पाण्यात लोखंड खाल्लं जाते. नावेत लाल आन् काळी दोन्ही वायरी बॅटरीपासून मोटरपर्यंत वेगळ्या न्या लागतात, बॉडीले काहीच जोडत नाहीत. हे मले मालूम असा पायजे होतं. मी इचार केला नाही, हात सवयीनं लिहून गेला. एका हाताच्या माणसाले मी खोल पाण्यात पाठवलं आन् त्याच्या बुडाखालचा तळ मीच खाल्ला. भाऊजीले काही झालं असतं तर बाईले मी काय तोंड दाखवलं असतं.

मोटर काढून ठेवा. अमरावतीले नाहीतर नागपूरले कोणी जाणता माणूस पाहा. मले आता काही इचारू नको.

शालिकराम


सिंभोरा
३० मार्च २०२५

शालिकरामास सूर्यभानचा रामराम.

लिहिणारी पोट्टी हाय, बोलणारा मी. ती मधात शब्द सुधरवून राहिली होती, मी म्हटलं जसं बोलतो तसं लिही.

पोट्टीनं तुमाले दोन पत्रं टाकली, तुमचा जवाब नाही. तुमची बहीण दारात बसते, म्हणते भाऊ रुसला. अरे, रुसायचा मान जवायाचा असते. तुमी कायले रुसून बसले?

नाव बाहेर काढली. भोकं पडली होती, खोटं कशाले बोलू. मोर्शीच्या वेल्डिंगवाल्याकून तळाचा पत्रा बदलला, आतून-बाहेरून रंग देला. नाव ठीक हाय.

आता एक गोष्ट सांगतो, ती मी घरात कोणाले सांगितली नाही. त्या लिंबाखाली मी वर्षभर बसलो, तवा मले जगायचं नव्हतं. पोट्टीचा पेन थांबला, तिले म्हटलं लिही. तुमच्या बॅटऱ्यायनं मले उठवलं. तुमी पत्र्याले पडलेली भोकं मोजून राहिले. मी सकाळी पाण्यावर गेलो, तेवढंच मोजतो. तुमचे उपकार हायेत, शालिकराम. हे मले तोंडावर सांगता आलं नसतं, आन् सांगितलं असतं तरी तुमाले ऐकू आलं नसतं.

पोट्टी म्हणे नागपूरचा माणूस आणू. मी नाही म्हटलं. काळी वायर आणून ठेवली हाय, गुंडाळी तशीच बांधलेली हाय. ती तुमच्याच हातानं टाकली जाईन. तवरोक नाव काठावर हाय आन् मी बी काठावर. मासोळीबिना तुमची बहीण मले रोज वरण घालून राहिली, तिची बी दया करा.

चंदनच्या जीपनं या. मामीले आणा. जीव लावता तसाच लावत राहा.

वायर टाकून झाली की पयल्या फेरीले तुमी मायासोबत बसायचं. तुमाले पोहता येत नाही, हे मले मालूम हाय. या हातानं आता मले बी येत नाही. दोघं बी बसू.

तुमचा,
सूर्यभान