सोबती : मोठी बहीण

२ जून
धाकट्या बिट्टीच्या शाळेतून पत्र आलं. तिच्या या वर्षाच्या शिक्षण-आराखड्याची सभा नऊ तारखेला. आई म्हणाली, "तूच बोल गं. त्या मोठ्या बाईंसमोर माझी दातखीळ बसते." बोलेन. बाबा असते तर ते बोलले असते. बिट्टी नऊ वर्षांची आहे, स्वमग्न आहे, पण मठ्ठ नाही — हे कुणीतरी एकदा ठणकावून सांगायलाच हवं.

५ जून
यादी केली. घंटा वाजली की ती कान दाबून बाकाखाली शिरते — तेवढी वर्गाबाहेरची घंटा काढा. पुढचा तास कोणता, ते आधी चित्र दाखवून सांगा. घाबरली की ती "कृपया प्रतीक्षा करा" म्हणते, फोनवरच्या बाईच्या हुबेहूब आवाजात. मुलं खिदळतात. ती खरोखरच थांबा म्हणत असते! आणि मुख्य म्हणजे, दिवसभर शेजारी बसणारा मदतनीस हवा.
आईला वाचून दाखवली. "छान लिहिलंयस," म्हणाली आणि पदराने डोळे पुसत बसली.

७ जून
पंधराला माझं नर्सिंग कॉलेज सुरू. इथून बसने दोन तास, म्हणून हॉस्टेल. बिट्टीला सोडून जायचं म्हणून चोरट्यासारखं वाटतं. आणि आनंदही होतो, तो कुणाला दाखवत नाही.

९ जून
टेबलापलीकडे मोठ्या बाई, विशेष शिक्षिका आणि एक कारकून. अलीकडे आई आणि मी. मी यादी वाचली. शेवटपर्यंत वाचली.
"घंटेचं बघू," मोठ्या बाई म्हणाल्या. "मदतनिसाची तरतूद नाही. तिला विशेष वर्गात घालू."
तो वर्ग मी पाहिलाय. जिन्याखालची खोली, सहा मुलं, दिवसभर टीव्ही. मी म्हटलं, "ती दुसरीची पुस्तकं घडाघडा वाचते. तिथे तिला कोण शिकवणार?" विशेष शिक्षिकेने मान डोलावली. मग वहीत डोकं खुपसलं.
मग मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "तू इतकं बारकाईने ओळखतेस तिला. तूच का नाही बसत?"
मी हसले. दुसरं कुणी हसलं नाही.
आईकडे पाहिलं. तिची शिवणाची नोकरी सुटली तर चूल बंद, हे मलाही कळतं. ती टेबलाची कड नखाने खरवडत होती.
"वर्षभराचाच प्रश्न आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "नाहीतर सोमवारपासून जिन्याखाली."
कारकुनाने रकाना भरला. सोबती : मोठी बहीण. मी सही केली.

१० जून
कॉलेजला कळवायला हवं. फोन हातात घेववत नाही. आईने विषय काढला नाही, मीही नाही.

१५ जून
पहिला दिवस. मुलांची खुर्ची इतकी बुटकी की गुडघे हनुवटीला लागतात. घंटा होतीच. बिट्टी बाकाखाली गेली, मागोमाग मी. तिच्या हातांवर माझे हात दाबून धरले. थोड्या वेळाने आपणहून बाहेर आली आणि पाचही वजाबाक्या बरोबर सोडवल्या! विशेष शिक्षिका हळूच म्हणाल्या, "तुझ्यामुळे झालं हे." मला त्यांचा राग आला.
मैत्रिणीने पांढऱ्या गणवेशातला फोटो पाठवला. फोन पालथा ठेवला.

१८ जून
आई हल्ली माझ्या डब्यात जास्त भरते. माझे कपडेही तीच धुते. नको म्हटलं तरी ऐकत नाही.

२० जून
शेवटी कॉलेजला फोन केला. म्हटलं, माझी जागा वर्षभर राखून ठेवता येईल का?
पलीकडे कॉलेजच्या कारकुनाने कागद चाळले. "तुमचा प्रवेश तर रद्द झालाय. तुमच्या आईच येऊन अर्ज देऊन गेल्या. फार रडत होत्या हो. पाणी दिलं त्यांना."
कधी, मी विचारलं.
"तीन तारखेला."
सभा नऊला होती.