तुमच्या बाराव्याला मी काय बोललो

बाबा, तुमच्या बाराव्याला मी जे केलं ते तुम्हाला कळलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून लिहितोय.

आधी तो दवाखाना. बायकोला पाचवा महिना आणि तिच्या रक्तात एचआयव्ही निघालेला. समुपदेशक बाई बाहेर येऊन म्हणतात, "नवऱ्यालाही आत पाठवा. दोघांची तपासणी झाली की पुढचं नीट ठरवता येईल. बाळाला वाचवायचं औषध आहे." मी उठतो, तर तुम्ही आडवे येता. "माज्या पोराला काय न्हाय. तिच्या माहेरी चौकशी करा." दार उघडं होतं, आत तिने ते ऐकलं. जिन्यात मी तुम्हाला सांगितलं, लग्नाआधी बाहेरगावी नोकरीला होतो तेव्हा मी बायकांकडे जायचो, तिला माझ्याकडूनच झालं असणार. तुम्ही खाली उतरत राहिलात. "हे परत तोंडातून काढायचं न्हाय."

त्याच आठवड्यात तुम्ही तिला तारोडीला माहेरी पोचवलंत आणि तिची चादर, उशी अंगणात जाळलीत, आपलं अख्खं मोरवा गाव बघत असताना. कोणी विचारलं की सांगायचात, सून वाईट चालीची निघाली. तिने बाळंतपणात औषध घेतलं. मुलगी झाली, निरोगी आहे, हे मला मेव्हण्याने बाजारात सांगितलं. दोन वर्षांनी मी गुपचूप तपासून घेतलं, मलाही निघालं. शेवटच्या आजारात तुम्ही म्हणालात, "एकदा नातीला आण." मी हो म्हणालो आणि तारोडीला गेलोच नाही. तीन दिवस तुम्ही दाराकडे बघत होतात आणि मी सांगत होतो, निघाल्यात, येतायत.

बाराव्याला पंगत बसली. काका म्हणाले, "माणूस अब्रूला जपणारा." मी वाढता वाढता थांबून सरळ उभा राहिलो. "एचआयव्ही मला आहे. तिला माझ्याकडून झाला. बाबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं." काकांचा घास हातातच राहिला. आत्याने पान सरकवलं. निम्मी माणसं न जेवता उठली आणि तुमच्या फोटोसमोर मला इतकं हलकं वाटलं की मी पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी तारोडीला जाऊन बायकोला सगळं सांगितलं. ती अंगणात बोंबील वाळत घालत होती. "आता सांगून काय उपयोग हाय?" म्हणाली. "सात वर्षं सगळ्यांचं मी ऐकलं." मुलगी दारातून बघत होती. मला कोणी आत बोलावलं नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहितो. तुम्ही त्या आजारातून उठला असतात, तर मी आजही गप्पच राहिलो असतो.