भांडी वाटून घ्यायची नाहीत

मी, मंदा हरिश्चंद्र सावे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, मुक्काम पाम, तालुका व जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टर तेजल चुरी यांनी दिला आहे, आणि माझा भाऊ कृष्णकांत याला शंका असेल तर त्याने मला एकोणतीसचा पाढा विचारावा. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. आणणारा अजून जन्मायचा आहे.

१. राहतं घर आणि मागची बारा गुंठे चिकूची वाडी. आम्ही नऊ भावंडं, मी थोरली. आई जमनाबाई हिला आम्ही बय म्हणायचो. शेवटची अकरा वर्षं तिचं सगळं मी केलं, म्हणून बाकीच्या आठांनी हक्कसोडपत्र करून हे माझ्या नावावर केलं. माझ्या पश्चात ते भाची जागृती कृष्णकांत सावे हिला मिळावं. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. पडवीची खोली मात्र तिला नाही; का, ते कलम सहामध्ये.

२. पोस्टातली ठेव सगळ्या भाचरांत सारखी वाटावी. भांडायला पुरेल इतकी नाही.

३. पाटा-वरवंटा कृष्णकांतकडे आहे. बयच्या बाराव्याला ‘आठवण म्हणून’ उचलून नेला. घरात मिक्सर, आणि पाट्यावर तुळशीची कुंडी. मी डोळ्यांनी पाहिलंय. ठेव बाबा. माफ केलं, विसरले नाही.

४. भांडी. तीन टोप, दोन पराती, एक कढई, एक घंगाळ. तांब्या-पितळेची आहेत. मोठ्या टोपात मणभर भात शिजतो. माझ्या आत्याच्या लग्नात आजी एका घरी भांडी मागायला गेली आणि हात हलवत परत आली. बयने ते पाहिलं आणि पुढे स्वतःच्या पाटल्या मोडून ही भांडी घेतली. लग्न असो, बारसं असो, मयत असो, कोणीही यावं, घेऊन जावं. वही नाही, नोंद नाही. “नेणाऱ्याला मान खाली घालावी लागेल असं देऊ नये,” म्हणायची. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. डोंगराकडच्या पाड्यावर गेलेला टोप परत यायचा तो नागली, कंद, करवंदं घेऊन. त्यावर आम्ही नऊ पोरं वाढलो. त्यामुळे देणारी बय होती की पाडा, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

५. हे कलम लिहायला मला तेहेतीस वर्षं लागली. १९९३ च्या मे महिन्यात कृष्णकांतच्या बायकोचं बाळंतपण होतं, म्हणून बय पालघरला होती. एक परात दोन महिने परत आली नव्हती. माझं डोकं फिरलं. बोईसरच्या बाजारातून नावं घालणारा बोलावला आणि सगळ्या भांड्यांवर ठोकून घेतलं: ज. ह. सावे. वर एक वही घातली. मास्तरीण ना मी!

त्याच आठवड्यात पाड्यावरच्या नवसीचा नवरा आला. नवसी आमच्या वाडीत वर्षानुवर्षं खुरपायला यायची. तिच्या मोठ्या मुलीचं लग्न होतं. मी वही पुढे केली, म्हटलं, “अंगठा दे.” त्याने टोपावरच्या नावावरून हात फिरवला. “ऱ्हाऊ दे, बाय,” म्हणाला आणि निघून गेला. मी खुशाल पंखा लावून झोपले.

लग्नाचं पाणी त्यांनी भंगारातून आणलेल्या निळ्या पिंपात भरलं. कंपनीचं कुठलं तरी विषारी रसायन त्यात आधी असावं. राखेने तीनदा घासलं होतं बिचाऱ्यांनी. नवसीचा धाकटा सुका, सात वर्षांचा, नाचून दमला होता. पहिला पेला त्याने घेतला. दुपार टळायच्या आत गेला. त्याला तसं पाहून बाकीच्यांनी पाणी ओतून दिलं.

परात नंतर सापडली. आमच्याच माळ्यावर, कोंड्याच्या पोत्यामागे.

बय पालघरहून परत आली. सगळा पावसाळा कानस घेऊन ती भांड्यांवरची नावं खरवडत बसली. गावात विचारलं तेव्हा म्हणाली, “नावं मीच घातली, वहीही माझीच.” पंधरा वर्षं, मरेपर्यंत, तिने तो आळ अंगावर वागवला. सगळ्यांना आयुष्यभर देत आलेल्या बाईला लोक मागून नावं ठेवत होते आणि मी ऐकत होते. ती गेल्यावरही अठरा वर्षं गप्प राहिले. मी भित्री आहे. हे माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याला खरं वाटणार नाही, पण आहे.

६. म्हणून सगळी भांडी नवसीला, तिच्या पश्चात तिचा मुलगा जिवल्या याला, पाड्याच्या वापरासाठी द्यावीत. ठेवायला पडवीची खोली कायमची त्यांची. तिचं दार रस्त्याकडे आहे, कोणाला विचारावं लागणार नाही. कृष्णकांतच्या चिरागला मोठा टोप दिवाणखान्यात झाड लावायला हवा आहे. त्याने कुंभाराकडे जावं.

७. वकील म्हणाले, मृत्युपत्र मरणानंतर वाचतात. नवसी ऐंशीच्या घरात आहे. मेल्यावर कबुली देणं म्हणजे वर्ग सुटल्यावर उत्तर सांगणं. तेव्हा मागच्या रविवारी मी नवसीला आणि जिवल्याला घरी बोलावून कलम पाच वाचून दाखवलं.

नवसी म्हणाली, “मला ठाव हाय. तवाच ठाव होता. नवऱ्यानं सांगितला ना, बय घरात नाय, थोरलीनं वही काडली.”

“मग इतकी वर्षं भांडी न्यायला येत होतीस, एका शब्दाने बोलली नाहीस?”

“बय बोलली, मीच केला. मी बोलले असते तं बय खोटी पडली असती.”

मी ओक्साबोक्शी रडले. या वयात, दोघांच्या देखत. तिने रडू दिलं. मग उठून मोठ्या टोपाजवळ गेली, कानशीच्या रेघांवर बोट ठेवलं. “हितं सुकाचा नाव घाल,” म्हणाली. “बाकी काय नको.”

बोईसरला आता मशीनने नावं घालतात. मी हातोडी-छिन्नीवाला म्हातारा सफाळ्यात शोधून काढला. बयच्या खरवडलेल्या जागेवर आता दोन अक्षरं आहेत: सुका. टोप गुरुवारी पाड्यावर एका बारशाला गेला आणि काल परत आला. वालाच्या शेंगांनी भरलेला होता.

हे सारं वाचून, समजून, माझ्या राजीखुशीने खाली सही करत आहे. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत. ज्याला मिळायचं आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील सांगतात, म्हणून नवसी नुसती शेजारी बसली आहे. आत्ताच विचारत होती, मी अंगठा कुठं देऊ? तिला सांगितलं, तू कुठेच द्यायचा नाही.

सही: मंदा हरिश्चंद्र सावे

साक्षीदार:
१. डॉ. तेजल चुरी, बोईसर
२. धीरज राऊत, पाम

ठिकाण: पाम
दिनांक: २६ जानेवारी २०२६