काळी चार, पांढरी सहा

सेंगकांग, सिंगापूर
रविवार, १७ सप्टेंबर २००६

ती. दादा,

नमस्कार. वहिनींनाही सांग. सरिता, क्षिप्रा आणि मी बरे आहोत, असं लिहावं लागतं म्हणून लिहितो.

परवा फोनवर सरिताने तुझ्या जुन्या कॅसेटबद्दल सहज विचारलं आणि तू हसत म्हणालास, "अगं, माझ्या त्या टेपरेकॉर्डरचा पट्टा पहिल्यापासूनच सैल!" दादा, स्पीकर चालू होता. मी शेजारीच उभा होतो.

तर मुद्देसूद लिहितो. १९७९ साली लायब्ररीतल्या रेकॉर्डवरून तू मला बावीस कॅसेट भरून दिल्यास. रॅगटाइम, ब्लूज, जाझ. त्यापुढचं सगळं मी माझं जमवलं. गुरू नाही, नोटेशन येत नाही, नुसत्या कानाने की-बोर्डवर बसवलं. आता ऐक. सैल पट्ट्याच्या मशीनवर हळू भरलेली टेप चांगल्या मशीनवर पळते आणि सूर चढतो. म्हणजे काळी चारच्या पट्टीतला रॅग, रॅगटाइमची ती चीज, मी सत्तावीस वर्षं शेजारच्या पांढरी सहामध्ये वाजवला, आणि वर दौडत वाजवला! अमेरिकन पियानोवाल्यांना पांढरी सहाच का आवडायची, यावर इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात चार पानं लिहिली. अंक तुला पाठवला होता. "झकास" असं कळवलं होतंस.

१९९८ मध्ये इथे येऊन माझं वाजवणं ऐकलंस, तेव्हाही गप्प. का, तर म्हणे "तू इतका खुशीत होतास." मी काय पाच वर्षांचा होतो?

गणपतीतला प्रकार सरिताने तुला अर्धाच सांगितला असणार. मंडळात माझं दोन तासांचं व्याख्यान होतं, रॅगटाइम ते हिप-हॉप. नमुने क्षिप्रा वाजवणार होती. तिने एस्प्लनेडच्या लायब्ररीतून छापील नोटेशन आणलं आणि त्याबरहुकूम वाजवलं. काळी चार, संथ.

मी म्हटलं, "चूक. परत."

"बाबा, तुझी टेपच फास्ट आहे लाह." ते 'लाह' म्हणजे इथल्या पोरांच्या बोलण्याचं शेपूट. "बघ ना, कंपोजरने स्वतः लिहिलंय, घाई नको."

"छपाईची चूक आहे ती."

तर ही माईकवर म्हणते, "हिप-हॉपवाले रेकॉर्डचा स्पीड मुद्दाम बदलतात. बाबाने चुकून बदलला. ही वॉज फर्स्ट!" ऐंशी माणसं हसली. अध्यक्ष यादवराव तर चष्मा काढून डोळे पुसत होते.

मग मी बोललो. काय बोललो ते सरिताने गाळलं असेल. "जिला कान नाहीत तिने की-बोर्डला हात लावू नये." वायर उपटली आणि पुढचं सगळं नुसतं तोंडाने सांगितलं.

तेव्हापासून तिने खरंच हात लावलेला नाही. येत्या शुक्रवारी कॉलेजच्या संगीत शाखेची ऑडिशन आहे. दोन वर्षं तयारी चालली होती. "नॉट गोइंग" एवढंच म्हणते, तेही आईला. माझ्याशी पंधरा दिवस एक शब्द नाही.

तू गप्प बसलास. सरिताही. ("मला वाटायचं कधीकधी," असं आता म्हणते!) खरं बोलली ती एक पोरगी, आणि तिलाच मी ऐंशी जणांसमोर बहिरी ठरवलं. हे लिहायला मला दोन पानं लागली, याचाही राग येतोय.

आज दुपारी दार लावून तोच रॅग काळी चारमध्ये वाजवून पाहिला. बोटांना ठाऊकच नाही. चौथ्या मात्रेला अडखळलो. सहा वेळा तिथेच. सातव्यांदा अडखळलो तेव्हा दाराबाहेरून आवाज आला, "लेफ्ट हँड, बाबा."

दार उघडलं तोवर ती खोलीत गेली होती.

माफी मागायची मला सवय नाही, हे तुला माहीत आहे. पाकीट चिकटवलं की तिच्या दारावर टकटक करणार आहे. काय बोलायचं ते ठरलेलं नाही. डाव्या हाताचं विचारेन आधी.

तू फोन करून मध्ये पडू नकोस. मला पुष्कळ सांभाळून घेतलंस.

तुझ्यावर अजून रागावलेला,
चंद्रशेखर