डाव्या टाकीतली चोरी

२ नोव्हेंबर
किट जोडून केलेलं आमचं दोन सीटचं विमान तयार. म्हणजे जवळजवळ. रंग राहिलाय, आणि नाव. मी 'वीरभद्र' सुचवलं. माझा मित्र नंदीश म्हणाला, ते तुझंच नाव हाय की. योगायोग आहे असं मी सांगितलं.
कामं वाटून घेतली. कुंभारी गावातली शेड नंदीशची, रान नंदीशचं, आणि उडवणारही तोच, कारण लायसन्स त्याच्याकडे आहे. माझ्याकडे पेट्रोल. पंखांत दोन टाक्या, एक डावी, एक उजवी. सीटमागे एकच व्हॉल्व्ह: डावी, उजवी, दोन्ही, बंद. मी तो कायम 'दोन्ही'वर ठेवतो. भेदभाव नको.
महिनाअखेरीला पुण्याहून प्रतिक्षा मॅडम तपासणीला येणार. अर्धा तास इंजिन नीट चाललं की त्यांचा रिपोर्ट दिल्लीला जाणार. मग परवानगी, मग आकाश.

५ नोव्हेंबर, सकाळी
डावी टाकी दोन बोटं कमी. परवा मी स्वतः दोन्ही टाक्या सारख्या भरल्या होत्या. त्यानंतर इंजिनला हात लावलेला नाही.
नंदीश म्हणाला, उन्हानं गेलं असंल. सोलापूरचं ऊन कबूल. पण शेडमध्ये? आणि फक्त डाव्या पंखावर?

७ नोव्हेंबर
डावी आणखी कमी. डावा पंख रस्त्याच्या बाजूला येतो. शेडच्या किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे आणि एक नंदीशकडे. मी चोरी केलेली नाही. उरला कोण, हे मी इथे लिहिणार नाही.
नंदीश.

८ नोव्हेंबर
नंदीश मोटारसायकलवरून मैंदर्गीला लेकीकडे जाऊन आला. पेट्रोल कुठं भरलंस, असं सहज विचारलं. म्हणाला, पंपावर. उत्तर फार पटकन आलं. उभी नोकरी बँकेच्या ऑडिटमध्ये काढली आहे. तयार ठेवलेली उत्तरं मला लगेच ओळखू येतात.
घरी सिद्धेश्वरीला सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या ऑपरेशनला दवाखान्यात खाली सतरंजी टाकून झोपले होते ते नंदीश भावजी, ते पेट्रोल चोरतील का? तिला आठवण आणि पुरावा यांतला फरक कळत नाही. बायको म्हणून ठीक आहे, ऑडिटर म्हणून चालली नसती.

१० नोव्हेंबर
धक्का. आज उजवी टाकी मोजली. आजवर मोजली नव्हती, कारण तिच्याबद्दल तक्रार नव्हती. पेट्रोल वाढलंय. म्हणजे कोणीतरी तिच्यात काहीतरी ओततंय. रॉकेल? पाणी? बाटलीत थोडं काढून वास घेतला. अगदी पेट्रोलचा. भेसळ फार हुशारीनं केलेली आहे.
हे काम नंदीशचं नाही. चोरणारा ओतत नाही. संशयित: शेजारच्या रानातला मडिवाळप्पा. आमच्या इंजिनच्या आवाजानं त्याची म्हैस पान्हा चोरते, म्हणून त्याचा राग आहे.
थोडक्यात दोन वेगळी प्रकरणं आणि दोन वेगळे आरोपी. दोन्हींची सरमिसळ करायची नाही. नवशिके ऑडिटर तिथंच फसतात.

१२ नोव्हेंबर
मडिवाळप्पाला आडून विचारलं. तो म्हणाला, माज्या गाडीला पेट्रोल न्हाय, तुमच्या इमानात कशाला ओतू? मुद्दा बिनतोड आहे. म्हणून जास्तच संशय येतो.

१४ नोव्हेंबर
महत्त्वाचा पुरावा सापडला. डाव्या टाकीच्या टोपणाला बारीक भोक. टाचणी जाईल एवढं. उजव्या टोपणालाही तसंच. एकातून काढायचं, दुसऱ्यातून घालायचं.
नंदीशला दाखवलं. म्हणाला, ते कंपनीनंच पाडलंय, किट आलं तवापासनं हाय. कशाला ते त्यालाही सांगता येईना. तवापासनं, म्हणजे कट जुना आहे.

१५ नोव्हेंबर
आज जरा अप्रिय झालं. नंदीश शेडमध्ये आला तेव्हा मी त्याचे दोन्ही हात धरले आणि हुंगले. पेट्रोलचा वास नव्हता. साबणाचा होता. सकाळी साबणानं हात का धुतलेस, असं विचारावं लागलं.
त्यानं हात सोडवून घेतले. मग म्हणाला, वीरभद्रा, लई झालं आता. चहा तसाच ठेवून गेला. त्याच्या चहावर साय धरेपर्यंत मी तिथंच बसलो. मला करमलं नाही, हे इथे कबूल करतो. पण तपासात मैत्री आणायची नसते.

१७ नोव्हेंबर
बँकेची पद्धत. तिजोरीला करायचो तेच टाक्यांना केलं. टोपणावर कापड, कापडावर लाख, लाखेवर माझ्या अंगठीचा ठसा. भोकं पार बुजली. आता टाचणीही जाणार नाही, नळी तर लांबच.
पेट्रोलजवळ जाळ नको, म्हणून लाख बांधावर वितळवली आणि पळीत घेऊन शेडपर्यंत धावत आलो. पोहोचेपर्यंत ती गोठायची. सहाव्या खेपेला जमलं. मडिवाळप्पा म्हशीसकट उभा राहून बघत होता. पळी कुठं गेली म्हणून सिद्धेश्वरी संध्याकाळभर शोधत होती. मी बोललो नाही. तपास गोपनीय आहे.

२१ नोव्हेंबर
विजय. सीलं शाबूत आहेत. ती मोडायची नाहीत, म्हणून सीटसमोरच्या पेट्रोलच्या काट्यांवर बघितलं. डावीचा काटा हलला नाही, उजवीचाही नाही. चोरी बंद, भेसळ बंद. चोर सीलला घाबरतो, हे मी नोकरीभर सांगत आलो.
नंदीशला फोन केला. चोरी थांबली आहे, यातून जे समजायचं ते समज, असं म्हणालो. तासाभरानं तो घरी आला, शेडची किल्ली सिद्धेश्वरीच्या हातात दिली, पाणीही न घेता गेला. पुण्याच्या बाईंना शब्द दिलाय, त्या दिवशी येतो, एवढंच बोलला. त्याच्याच शेडची किल्ली. सिद्धेश्वरी माझ्याशी बोलत नाही. भाकरी वाढते, पण ताट लांबून सरकवते.

२८ नोव्हेंबर, दुपारी
प्रतिक्षा मॅडम आल्या. नंदीश वेळेवर आला, माझ्याकडे न बघता डाव्या सीटवर बसला. इंजिन झकास सुरू झालं. थोड्या वेळानं खोकलं आणि बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा बंद.
मी पुढं होऊन सांगितलं, मॅडम, घातपात आहे. पण टाक्यांशी कोणाला खेळता आलेलं नाही, हे मी सिद्ध करतो. मडिवाळप्पाला पंच म्हणून बोलावलं. सर्वांसमक्ष डाव्या टाकीचं सील फोडलं.
टाकीनं सूंऽऽ करून लांब श्वास घेतला. सगळ्यांना ऐकू गेला. उजवीनंही तसाच घेतला. मग इंजिन लावलं. ते अर्धा तास कुरकुर न करता चाललं.
मॅडमनी समजावून सांगितलं. भोक हवा आत जाण्यासाठी असतं. पेट्रोल जितकं बाहेर, तितकी हवा आत. भोक बुजलं की टाकी पेट्रोल सोडत नाही. मग व्हॉल्व्ह रोज कुठं ठेवता, विचारलं. 'दोन्ही'वर, मी अभिमानानं सांगितलं. त्यांनी माझी पाण्याची बाटली फरशीवर आडवी ठेवली. ती घरंगळत उजव्या चाकापर्यंत गेली. शेडला उतार आहे. डावीतलं पेट्रोल व्हॉल्व्हमधून आपल्या पायानं उजवीत जात होतं. सील केल्यावर हवा अडली, म्हणून तेही थांबलं.
त्यांनी विचारलं, डावीतून कमी झालेलं आणि उजवीत वाढलेलं, ते ताडून बघितलं नाही का?
उभी नोकरी ऑडिटमध्ये. मी म्हणालो, ती वेगळी प्रकरणं होती.
नंदीश सीटवरून उतरला नव्हता. हे वर झालं असतं तर, असं त्यानं मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, खाली शेत मिळालं असतं तर वाचला असता. तो उतरला आणि पंखाला धरून उभा राहिला. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

३० नोव्हेंबर
रिपोर्ट उत्तम आहे. पार्किंगला व्हॉल्व्ह बंद ठेवणे आणि टाक्यांवर लाख न लावणे, एवढ्याच सूचना.
किल्ली परत द्यायला नंदीशकडे गेलो. चुकलो म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य पुढं 'पण' न लावता बोललो. त्यानं ताक दिलं, तुरीचं सांगितलं, लेकीचं सांगितलं. शेवटी म्हणाला, इमान हितंच राहू दे, सावली हाय. पण मी बसणार न्हाय. वर इंजिन बंद पडलं तर तू खालनं आधी माझाच जबाब मागशील. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.
येताना शेडमध्ये गेलो. दोन्ही टाक्या मोजल्या, बरोबर भरल्या. एका थेंबाचा फरक नाही. मग सवयीनं उजवीकडच्या, माझ्या सीटवर चढून बसलो. विमान उडवायचा दांडा आणि पेडल, सगळं डावीकडे आहे. थोडा वेळ बसलो आणि उतरलो.