हरलो की येतो

२८ जून, विमानतळ

प्रिय ताई,

नमस्कार. वेळेवर जेवतेस ना? मी ठणठणीत आहे. हे पत्र तुझ्या हातातच देणार आहे, कारण समोर उभा राहिलो की माझी बोबडी वळेल.

बाबा कोसळले त्या दिवशी मी म्हणालो होतो, "हरलो की लगेच येतो." तुलाही वाटलं, एक-दोन दिवसांचाच प्रश्न. गवताच्या टेनिस कोर्टावर आमची जोडी कधी टिकलीच नाही. चेंडू उसळत नाही, पाय घसरतात. पण या वेळी जिंकतच गेलो. लोक पाठ थोपटायचे आणि मी परतीचं तिकीट पुढे ढकलायचो. मध्ये पाऊस आला, कोर्टावर ताडपत्री पडली. मी आणि माझा जोडीदार लंब्या, दोघं खोलीत कोंडलेले, खिडकीतून ती ताडपत्री बघत. डबल्समध्ये एकट्याला सोडून जाता येत नाही. मी निघालो की तोही बाहेर. आणि इतक्या वर्षांत त्यानं उपांत्य फेरी पाहिलेली नव्हती. त्याला कुठल्या तोंडानं सांगणार?

एवढं फोनवर सांगत होतोच. ते खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं.

काल सरावाच्या वेळी तुझा फोन आला, बाबा आता डोळेही उघडत नाहीत म्हणून. लंब्यानं ऐकलं.

"जायचंय का तुला?"

"उद्या मॅच आहे."

"मॅचचं नाही विचारलं मी."

मी बुटाची नाडी बांधत बसलो.

आज सकाळी तो स्पर्धेच्या डॉक्टरांकडे जाऊन आला आणि गुडघ्याचं कारण देऊन त्यानं आमचं नाव मागे घेतलं. तो दुखरा गुडघा घेऊन जिना धडाधड चढत आला, ताई!

"अरे, गुडघ्याला काय झालं?"

"कामातून गेला. बॅग भर."

मग खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. खाली कोर्टावर पांढऱ्या रेषा मारत होते.

आता माझ्याकडे सबब उरली नाही. मी अडकलो होतो हे खरं. पण अडकलोय याचं बरंही वाटत होतं. ज्यांची हाक गल्लीच्या टोकापर्यंत जायची, त्यांना अंथरुणात मुकं पडलेलं बघायला मी घाबरत होतो. तू एकटी त्यांना कुशीवर वळवत होतीस आणि मी मनातल्या मनात अजून एक मॅच मागत होतो.

वाचून झालं की रागाव, हवं ते बोल. फक्त बाबांच्या खोलीत मला एकट्याला पाठवू नकोस. हाताला धरून ने.

उशिरा निघालेला,
तुझा धाकटा