फियाटला पिंजरा

॥ श्री ॥

बुलढाणा
५ सप्टेंबर २०२४

ती. दादास सुहासिनीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ही ओरडून सांगायची गोष्ट नाही, म्हणून पत्र.

राजूर घाटात सोहमची फियाट उलटली ते तुला माहीत आहेच. पोर खरचटण्यावर वाचलं. ह्यांनी हौसेने घेतलेली गाडी, ह्यांच्यामागे सोहमने जिवापाड जपलेली. कारभारी मिस्त्रीने छत ठोकून सरळ केलं आणि हा पुन्हा तिच्यातूनच मोताळ्याला शाळेत शिकवायला जाऊ लागला! तो फाटकाबाहेर पडला की मी घड्याळाकडे बघत बसते. 'पोचलो' असा निरोप येईपर्यंत कुकर लावायचं सुचत नाही.

आता कारभारीने तोडगा काढला आहे. शर्यतीच्या गाड्यांत असतो तसा जाड पाइपांचा पिंजरा आतून बसवायचा. गाडी पालथी झाली तरी छत खाली येत नाही. म्हणाला, बाई, या खेपेले पोट्टं वाचलं, दरखेपेले वाचनारच असं थोडंच हाय! मला पटलं. सोहम म्हणतो, गाडीचं रूप जाईल. मी बजावलं, पिंजरा बसव नाहीतर किल्ली माझ्याकडे दे. तेव्हापासून आमच्यात बोलणं नाही.

एक मात्र बरं, कारभारीने इंजिनाचं काम झकास केलं असावं. गाडी हल्ली पेट्रोल खातच नाही.

तू मामा आहेस, त्याला चांगलं सुनाव. तुझा लोभ आहे म्हणून हक्काने सांगते.

तुझी,
सुहासिनी


बुलढाणा
१३ सप्टेंबर २०२४

ती. मामांस सोहमचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. मला हट्टी, आडमुठा आणि पुढे जे काही म्हटलंत ते अक्षर लागलं नाही. पुढच्या वेळी रागवाल तेव्हा सोबत शेगावची कचोरी पाठवा, म्हणजे राग पचेल.

रूपाचं कारण मी आईला सांगितलं ते पुरतं खरं नाही. त्या पिंजऱ्याचा एक पाइप दारातून आडवा येतो. कारभारीने तिथे बांबू बांधून दाखवला, तर मलाच पाय उंच उचलून आत शिरावं लागलं. आईचा गुडघा तुम्ही जाणता. डावीकडची सीट तिची. बाबा चालवायचे तेव्हाही तिची, नंतर माझ्या शेजारीही तिचीच. अपघातानंतर ती एकदाही बसलेली नाही. पाइप आला की कधीच बसणार नाही.

मला ती शेजारी हवी आहे, मामा. का, ते विचारू नका. लिहायला जमत नाही.

माझी काळजी नको. हे पत्र आईला दाखवू नका आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा,
सोहम


॥ श्री गजानन प्रसन्न ॥

शेगाव
२१ सप्टेंबर २०२४

चि. सुहासिनीस अनेक आशीर्वाद.

पोराला रागावून झालं, आता तुझी पाळी. माझी जुनी विद्यार्थिनी डिंपल मोटारींच्या कारखान्यात आहे. दर्शनाला आली तेव्हा तिला विचारलं. माझे कान हे असे, बिचारीने सगळं कागदावर लिहून समजावलं. शर्यतीत डोक्याला हेल्मेट असतं, अंगाला पक्के पट्टे असतात, म्हणून पिंजरा वाचवतो. उघड्या डोक्याने बसलं तर एरवी निभावणाऱ्या धक्क्यातही त्याच पाइपवर कपाळमोक्ष व्हायचा. शिवाय आरटीओला विचारल्याशिवाय असा बदल करता येत नाही. तुमच्या गाडीला साधे पट्टेही नाहीत हे ऐकून ती मलाच रागावली.

तरीही पिंजराच हवा असेल, तर आधी कारभारीने दारात बांधलेला बांबू ओलांडून स्वतः गाडीत बस. सोहमबरोबर एकदा घाट उतर आणि मग ठरव. हे मी सहज सुचवत नाही. मलाही भाचा एकच आहे.

दोघं जपून असा आणि या म्हाताऱ्याला कळवत राहा.

तुझा,
नीळकंठदादा


॥ श्री ॥

बुलढाणा
३० सप्टेंबर २०२४

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

काल रविवारी बांबू ओलांडला. एक हात दारावर, एक सोहमच्या खांद्यावर. गुडघ्याने जीव काढला, पण बसले. सोहमने गाडी सावकाश बाहेर काढली.

घाट सुरू होतो तिथे चहाचं हॉटेल आहे. तिथे त्याने गाडी थांबवून इंजिन बंद केलं. मला वाटलं, चहा घ्यायचा असेल. तेवढ्यात हॉटेलवाला जानराव बाहेर आला आणि म्हणाला, गुरुजी, आज रविवारची शाळा काऊन? लावा गाडी रोजच्या जागी, एसटी येऊनच राह्यली.

दादा, मी सोहमकडे पाहिलं. गाडी बंद होती, तरी त्याने स्टिअरिंग सोडलं नव्हतं. गाडी उलटली त्या दिवसापासून तो तिच्यातून घाट उतरलेलाच नाही. रोज इथवर येतो, हॉटेलामागे गाडी लावतो आणि एसटीत चढतो. मान खाली घालून म्हणाला, मीच भितो हे कळलं असतं तर तू आणखी घाबरली असतीस. आणि मी आपली त्याच्यावर ओरडत होते! फार लाज वाटली, दादा. रडूही आलं.

मी म्हटलं, राहू दे, घरी जाऊ. पण त्यानेच किल्ली फिरवली. तू शेजारी आहेस तोवर उतरून पाहतो, म्हणाला. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. मागे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, वाजवू दे. गाडी उलटली ते वळण आलं तेव्हा मी सीटची कड घट्ट धरली, पण डोळे मी मिटले नाहीत. खाली राजूरला पोचून दोघंही पोटभर पाणी प्यालो.

पिंजरा नको. बांबू सोडवून मी दोडक्याच्या वेलाला लावला. कारभारीला पट्टे बसवायला सांगितले आहेत, दोन्ही सीटांना. एक त्याचा, एक माझा.

तुझी माया आम्हा दोघांवर अशीच राहू दे.

तुझी,
सुहासिनी

ता. क. आज सोहमने पेट्रोल भरलं.